वयाचं मशीन

सेनगावच्या बाजारात भाजीवाल्या बायका सरांना भेंडी विकत नसत. सर पिशवी घेऊन येताना दिसले की त्या टोपलीवर पदर टाकत. भेंडी घेताना शेपूट मोडून बघायची पद्धत सगळ्यांचीच आहे. कट्कन मोडली तर कोवळी, नुसतीच वाकली तर निबर. पण बाकीच्या बायका दोन-चार मोडून बघतात. सर अख्खी टोपली मोडत, निबर इकडे आणि कोवळी तिकडे अशी वाटणी लावत, आणि पावकिलोसुद्धा न घेता "छान आहे" म्हणून पुढे जात. एकदा एकीने त्यांना तोंडावर ऐकवलं, की डॉक्टर आहात म्हणून सोडलं, नाहीतर टोपलं डोक्यावर घातलं असतं. सरांनी तिचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत तसेच उभे राहिले. पुढच्या आठवड्यात ती बाई आमच्या तपासायच्या खाटेवर होती.

निबर हा शब्द सरांच्या तोंडात कायम असे. सर हृदयाचे डॉक्टर. हिंगोलीत त्यांचा दवाखाना होता आणि मी तिथे नऊ वर्षं टेक्निशियन होते. लोक ज्या वयात बंगल्यावर मजला चढवतात त्या वयात सरांनी एक मशीन आणलं, रक्ताच्या नळ्या किती कडक झाल्या ते मोजणारं. मानेला पेनासारखी एक दांडी लावायची, मांडीला पट्टा बांधायचा. हृदयाचा ठोका पडला की त्याची लाट मानेत कधी पोचली आणि मांडीत कधी पोचली हे मशीन टिपतं. मधलं अंतर मोजायचं, भागाकार करायचा, की लाटेचा वेग निघतो. कोवळ्या नळीत लाट सावकाश जाते, कारण नळी जरा फुगून धक्का पोटात घेते. निबर नळी काहीच पोटात घेत नाही, आलेला धक्का जसाच्या तसा मेंदूकडे आणि मूत्रपिंडाकडे ढकलून देते. बीपी बघितलं की आजचं कळतं, सर म्हणायचे, नळी बघितली की पुढं काय वाढून ठेवलंय ते कळतं.

हे सगळं त्यांनी दवाखान्यापुरतं ठेवलं असतं तर माझी नोकरी सुखात गेली असती. पण सर दर आठवड्याला जीपमध्ये मशीन, एक दुमडती खाट आणि शिंप्याकडची टेप टाकून निघत. कधी सेनगाव, कधी कनेरगाव नाका, महिन्यातून एकदा साखरा. बायकांच्या मांडीला पट्टा बांधायला बाईमाणूस पाहिजे, म्हणून मी सोबत. टेपेने मानेपासून मांडीपर्यंतचं अंतर सर स्वतः मोजत. एका म्हाताऱ्याने ते मोजून झाल्यावर विचारलं, "माप तर घेतलं, शिवून कवा देताल?" सर गंभीरपणे म्हणाले, "शिवायची पाळी येऊ न्हाई म्हून तर माप घेऊन राहिलो, मालक."

सगळ्या पुरुषांना ते मालक म्हणत आणि सगळ्या बायकांना माय. मला ताई म्हणत, पण माझं नाव त्यांना नऊ वर्षांत पाठ झालं असेल असं मला वाटत नाही. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. नाडी धरली की मात्र माणूस ओळखत. एका लग्नात स्टेजवर जाऊन त्यांनी नवरदेवाचं अभिनंदन करायला हात हातात घेतला तो सोडेचनात. फोटोवाला खाकरला, मागची रांग चुळबुळायला लागली, नवरी खाली बघून हसायला लागली. शेवटी सरांनी हात सोडला आणि म्हणाले, "सोमवारी या." नवरदेव खरोखर सोमवारी आला, आणि तेव्हापासून बीपीची गोळी घेतोय. वय सत्तावीस.

मोजायच्या आधी माणसाने दहा मिनिटं शांत पडून राहायचं असा नियम आहे. चहा नको, तंबाखू नको, बोलणं नको. हा नियम सर इतका पाळत, की रांगेतले लोक मलाच शिव्या देत. पुरुषमंडळी पडल्यापडल्या सोयाबीनचा भाव विचारत आणि दहा मिनिटं परत पहिल्यापासून सुरू होत. बायकांचं वेगळंच होतं. खाटेवर पाठ टेकली की दोन मिनिटांत त्यांचा डोळा लागे. झोपलेल्या माणसाचं मोजलं तर आकडा चुकतो, म्हणून मी उठवायला जाई, तर सर ओठांवर बोट ठेवत. मग आम्ही सगळे थांबायचो. शाळेच्या ओसरीवर पन्नास माणसं ताटकळत बसलेली आणि खाटेवर एखादी बाई घोरतेय. पुढे पुढे माझ्या लक्षात आलं, की कित्येक बायका त्या दहा मिनिटांसाठीच येतात. मी सरांना तसं म्हटलं, तर त्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

वेगाचं गणित लोकांच्या गळी उतरवणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. कनेरगाव नाक्यावर धाब्याशेजारी आम्ही खाट टाकली होती, तर दोन जीपवाल्यांची पैज लागली. एकाचा आकडा अकरा आला, दुसऱ्याचा साडेबारा. साडेबारावाल्याने शंकरपटात बैलजोडी पहिली आल्यासारखी आरोळी ठोकली आणि सगळ्यांना चहा सांगितला. सेकंदाला दहा मीटरच्या वर गेलं की काळजीचं असतं. सरांनी त्याला जवळ बसवून घेतलं. पटात जो पुढं पळतो त्याला बक्षीस मिळतं मालक, ते म्हणाले, हितं जो पुढं पळतो तो आधी जातो. जीपवाल्याने चहा अर्धाच ठेवला.

तेव्हापासून सर आकडा सांगेनात. मशीनच्या कागदावर खाली नळ्यांचं वय म्हणून एक ओळ यायची. तुमच्या नळ्या अमुक वर्षाच्या माणसाइतक्या निबर झाल्यात, एवढाच तिचा अर्थ. सर ती ओळ वाचून दाखवायला लागले. लोकांना चटकन कळेल असं त्यांना वाटलं. लोकांना कळलं, पण भलतंच.

आमच्या भागात जुन्या माणसांना स्वतःचं वय माहीत नसतं. आधार कार्डावर एक जानेवारी किंवा एक जून असतं, आणि साल कोणीतरी तोंडाकडे बघून ठरवलेलं. अशा एका गृहस्थाला सेनगावच्या बाजारात सर म्हणाले, तुमच्या नळ्या एकाहत्तर वर्षांच्या झाल्यात. त्याने त्यातलं फक्त एकाहत्तर ऐकलं. कार्डावर त्याचं वय बासष्ट होतं. तो कागद घेऊन तो गावभर हिंडला, आणि हिंगोलीच्या डॉक्टरकडे माणसाचं खरं वय सांगणारं मशीन आहे ही बातमी चार दिवसांत सगळ्या तालुक्यात पोचली.

पुढच्या वेळी रांग रस्त्यापर्यंत आली. कोणाला निराधारचा पगार सुरू करायला वय वाढवून पाहिजे, कोणाला एसटीच्या अर्ध्या तिकिटासाठी. एक चाळिशीतला बिनलग्नाचा गडी आईला घेऊन आला होता. मुलीकडच्यांना दाखवायला त्याला कमी वयाचा कागद हवा होता. मशीनने त्रेपन्न सांगितलं. आईने तो कागद तिथेच फाडला आणि मशीनलाही दोन शब्द ऐकवले.

मला हे अजिबात आवडलं नाही. मी सरांना स्पष्ट सांगितलं, की आपण लोकांना फसवतोय. सर म्हणाले, मी नळ्यांचं वय बराबर सांगतो, माणसाचं वय सांगतो असं कधी म्हटलं का? ते कशासाठी येतात ते त्यांचं, आल्यावर काय करायचं ते आपलं. रांगेकडे ते इतक्या आनंदाने बघत होते, की मला पुढे बोलवेना. एवढा हुशार माणूस आणि एवढं साधं कळू नये, याचा मला त्या दिवशी राग आला होता.

तशाच एका रांगेतून होळीनंतर साखऱ्याला याडी आली. तांड्यावर आईला याडी म्हणतात. तिचा थोरला मुलगा तिला तशी हाक मारत होता, म्हणून सरही याडीच म्हणायला लागले. उंच, काटक बाई, हातभर गोंदण, मिसरीने काळे झालेले दात. खाटेवर पडली आणि झोपली. पाऊण तास झोपली. उठल्यावर मोजलं तर नळ्यांचं वय चौऱ्याहत्तर आणि वरचं बीपी एकशे नव्वद. सरांच्या कपाळावर आठ्या आल्या. याडीचा चेहरा मात्र खुलला.

तिच्या कार्डावर छप्पन होतं. त्याची गोष्ट तिने आम्हाला हसत हसत सांगितली. नवरा तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. कार्ड काढायला गेले तेव्हा बायको आपल्याहून मोठी हे सांगायची त्याला लाज वाटली, म्हणून त्याने तिचं वय स्वतःच्या वयाच्या सहा वर्षं खाली सांगून टाकलं. आता नवरा वारला होता. "त्याची लाज माझ्या वयाला चिटकली," याडी म्हणाली. पासष्टच्या आत म्हातारपणाचा पगार मिळत नव्हता, आणि कंबरेमुळे मजुरीला जाणं होत नव्हतं. तिला तो चौऱ्याहत्तरचा कागद पाहिजे होता.

आणि इथे सर खोटं बोलले. बाईला गोळ्यांची गरज आहे, कागदाशिवाय ती परत यायची नाही, हे त्यांनी ओळखलं. ते म्हणाले, हा कागद महिनाभरच चालतो याडी, दर महिन्याला नवा काढावा लागतो. गोळ्या घ्यायच्या, मीठ कमी करायचं, मिसरी सोडायची आणि महिन्याने यायचं. मी त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

याडी दर महिन्याला येत गेली. गोळ्या इमानाने घेतल्या. मिसरीही जवळजवळ सुटली. दुसऱ्या खेपेला कागदावर बहात्तर आलं, तिसऱ्या खेपेला अडुसष्ट. सर मला पुन्हा पुन्हा कागद दाखवत होते. "बघा ताई, उतरून राहिलं." मी याडीकडे बघत होते. ती कागद हातात घट्ट धरून बसली होती. मग राम राम करून गेली.

आषाढात ती आली तेव्हा नळ्यांचं वय सत्याहत्तर निघालं. बीपी दोनशे दहा. सरांनी दोनदा मोजलं, मग मशीन बंद करून पुन्हा मोजलं. मी पट्टा सोडत होते तेव्हा याडीने ओढणीची गाठ सोडली आणि महिनाभराच्या गोळ्यांची पाकिटं खाटेवर ठेवली. एकही फोडलेलं नव्हतं.

"ह्या घ्या, साहेब. दुसऱ्या कोणाला द्या," ती म्हणाली. "तुमी मला लहान करून राहिले. पासष्टच्या खाली गेले तर पगार कोण देईल?"

मग बोलता बोलता तिने सहज सांगितलं, की सकाळी हातातून लोटा पडला आणि हाताला समजलंच नाही. थोड्या वेळाने बरा झाला हात.

सर खाली बसले. हृदयाच्या डॉक्टरला आणि मलाही त्या लोट्याचा अर्थ लगेच कळला. अंगावरून वारं जाण्याआधी ते असं दारावर टकटक करून जातं. पुन्हा येतं ते कधी येईल सांगता येत नाही. मी सरांना इतकं पांढरं पडलेलं पूर्वी बघितलं नव्हतं. हळू आवाजात ते मला म्हणाले, "खोटं मी बोललो, ताई, आणि गोळ्या हिने बंद केल्या."

नंतर ते उठून ओसरीच्या कडेला गेले. समोर साठ-सत्तर माणसं. सर म्हणाले, "हे मशीन वय सांगत न्हाई. नळ्या किती निबर झाल्या तेवढं सांगतं. ह्या कागदावर तहसीलमध्ये कोणी काही देणार न्हाई. मी हे आधीच सांगायला पाहिजे होतं. माझं चुकलं." आपल्याकडे डॉक्टरने "माझं चुकलं" म्हटलेलं मी तरी आजवर ऐकलं नव्हतं, आणि तेही भर रांगेसमोर, हात जोडून. अर्ध्याहून जास्त लोक उठून गेले. दोन वर्षं खपून जमवलेली रांग त्यांनी एका मिनिटात घालवली. माझा त्यांच्यावरचा सगळा राग त्या मिनिटाला गेला. त्याच्या जागी जे आलं त्याला आदर म्हणावं की धाक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

याडीला लगेच हिंगोलीला न्यायचं होतं, पण ती जीपमध्ये बसेना. मशीन खोटं, कागद खोटा, मग गोळ्या तरी कशावरून खऱ्या, असं तिचं म्हणणं. मुलगा विनवण्या करत होता. सर म्हणाले, तुझं खरं वय मी शोधून आणतो, सरकारी दाखल्यासकट आणतो, तोवर गोळ्या घे. 

"पोळ्यापर्यंत घेते," ती म्हणाली. "पोळ्याला दाखला न्हाई आला तर गोळ्या बंद. मग मला बोलवायला बी यायचं न्हाई."

तिला तीन दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. बीपी खाली आलं, हात सुधारला. आणि चौथ्या दिवसापासून सर वयाच्या मागे लागले. ज्या माणसाला माणसाच्या खऱ्या वयात कधी रस नव्हता, जो नवरदेवाला नाव न विचारता नाडी विचारत होता, तो आठवड्यातले दोन दिवस दवाखाना बंद ठेवून तांड्यावर, साखऱ्यात, तिच्या माहेरी हिंडायला लागला. बहात्तरच्या दुष्काळात तू काय करत होती, असं त्यांनी याडीला विचारलं. ती म्हणाली, डोईवर टोपलं घेऊन खडी वाहत होते. कार्डाप्रमाणे ती तेव्हा चार वर्षांची होती. सरांनी हे लिहून घेतलं, दोन म्हाताऱ्यांचे अंगठे घेतले. पण आठवण हा पुरावा होत नाही, असं कचेरीत कळलं. ते उत्तर बरोबरच होतं, पण श्रावण लागला होता आणि हातात काही नव्हतं. मी म्हटलं, सर, पोळा जवळ आला. ते म्हणाले, मला माहीत आहे. त्या दिवसांत त्यांनी रस्त्यात कोणाचंच मनगट धरलं नाही.

एका दुपारी सर जुने फॉर्म चाळत बसले होते. कॅम्पला आलेल्या प्रत्येकाचा फॉर्म आम्ही ठेवत असू. अचानक त्यांनी मला हाक मारली. त्यांच्या एका हातात याडीचा फॉर्म होता, दुसऱ्या हातात तिच्या थोरल्या मुलाचा. होळीनंतरच्या त्या पहिल्या दिवशी त्याचंही आम्ही मोजलं होतं. मुलगा दुसरीपर्यंत शाळेत गेलेला, म्हणून त्याचं वय शाळेतलं होतं. अठ्ठेचाळीस.

"ताई," सर म्हणाले, "ह्या बाईने आठव्या वर्षी पोरगं जन्माला घातलं."

मी हसले आणि मग मला रडूच यायला लागलं. चार महिने ते दोन फॉर्म एकाच फाइलीत एकमेकांना चिकटून पडले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही साखऱ्याच्या शाळेत. त्या सालचं रजिस्टर कपाटात सर्वांत खाली, कडा वाळवीने खाल्लेल्या. हेडमास्तर सावकाश पानं उलटत होते आणि सर त्यांच्या खांद्यावरून बघत होते. मुलाचं नाव सापडलं. जन्मतारीख नीट वाचता येत होती. सरांनी डाव्या हाताचं बोट त्या ओळीवर ठेवलं आणि उजव्या हाताने हेडमास्तरांचं मनगट घट्ट धरलं. आनंदाने धरलं असेल असं हेडमास्तरांना वाटलं. तेही हसले. जरा वेळाने सर म्हणाले, "उतारा द्या. आणि सोमवारी या."

उतारा घेऊन सरांनी याडीला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांसमोर सर रांगेत उभे राहिले, इतरांसारखे, नंबर येईपर्यंत. दात बघितले, हाडांचे फोटो काढले, उतारा तपासला. दाखला तयार व्हायला दिवस लागले. तो आमच्या हातात पडला पोळ्याच्या सकाळी.

आम्ही तसेच जीप घेऊन तांड्यावर गेलो. बैल धुऊन, शिंगं रंगवून उभे होते, पोरं त्यांच्याभोवती नाचत होती. याडी दारात बसली होती. तिने आम्हाला येताना बघितलं पण उठली नाही. सरांनी दाखला तिच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट केला आणि माझ्यासमोर धरला.

"किती?" तिने विचारलं.

"सहासष्ट," मी म्हटलं. "खरं वय. सरकारी शिक्का आहे."

याडी उठली. आत गेली, बाज उचलून अंगणात आणली, रंगवलेल्या बैलांच्या शेजारी टाकली आणि तिच्यावर आडवी झाली. ओढणी सारून मान मोकळी केली. मशीन तर आम्ही आणलंच नव्हतं, आणि ते सांगायचं माझ्या जिवावर आलं. सर खाली जमिनीवर बसले आणि त्यांनी तिचं मनगट हातात घेतलं.

याडीने डोळे मिटून घेतले.

"आता करा लहान, साहेब," ती म्हणाली. "पाहिजे तेवढं करा."